दहा हजार मिलिमीटरचा कोट

बुलढाणा जिल्ह्यात चांगला रेनकोट विकत घेणं हा अपशकुन आहे. कुठल्या पोथीत तसं लिहिलेलं नाही, पण गावोगावी पाळलं जातं. एखाद्यानं जूनच्या पहिल्या आठवड्यात महागातला कोट आणला आणि पुढे पावसानं दडी मारली, की पारावर त्याचं नाव निघतं. "घेतला ना यानं कोट! बसा आता आभाळाकडे पाहत." सुरुवातीला लोक प्रेमानं सांगतात की बाबा, तो परत करून ये. कोवळी रोपं माना टाकू लागली की आवाज चढतो. हवामान खात्याचा अंदाज चुकला तर लोक हसून सोडून देतात. रेनकोट घेणाऱ्याला मात्र दुबार पेरणीच्या बियाण्याचा हिशेब द्यावा लागतो.

दोष माणसांचा नाही, पावसाच्या मापाचा आहे. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण ८०० मिलिमीटरच्या अलीकडे-पलीकडे पाऊस पडतो. आंबोलीत तेवढा जुलैच्या एका पंधरवड्यात सहज पडून जातो. तिथल्या माणसाला रेनकोट घ्यावा की नाही असा प्रश्नच पडत नाही, आणि राजस्थानातल्या जैसलमेरच्या माणसालाही पडत नाही. आम्ही नेमके मधे सापडलो. पैसे घालून अस्सल कोट घ्यावा इतका आमचा पाऊस जास्त नाही, आणि कोटावाचून निभावं इतका तो कमीही नाही. बरं, सरासरी हा शब्द फसवा. २२ जुलै २०२३ला जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागात असा कोसळला की नद्या गावात शिरल्या, रस्ते तुटले, वस्त्यांचा संपर्क गेला. त्या दिवशी रेनकोटाची चौकशी कोणी करत नव्हतं, जिवाची करत होतं. आणि इतर कित्येक दिवशी तो मुद्दाम मोटारसायकलवाल्यापुरता पडतो, शिवार कोरडं ठेवून.

त्यातली खरी गंमत अशी, की मोटारसायकलवरचा नोकरदार आणि बांधावरचा शेतकरी ही बहुतेक वेळा एकच व्यक्ती असते. जिल्हा परिषदेचे गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे सचिव, बँकेतले कारकून, औषध कंपनीचे प्रतिनिधी ही सगळी आमची अप-डाउन जमात. नोकरी एका तालुक्यात, घर दुसऱ्या तालुक्यात, आणि चार-पाच एकर सोयाबीन तिसरीकडेच. त्यामुळे त्यांची प्रार्थना फार अवघड शब्दांत करावी लागते. "ये बाप्पा, ये. पन मले घरी पोचू दे, मंग ये." पाऊस हवा, भरपूर हवा, आजच हवा, फक्त डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पडावा, मधे नको. देवाला इतकी सविस्तर अट घालणारा भक्त दुसऱ्या जिल्ह्यात सापडणार नाही.

अंदाज हवा असेल तर त्याचीही सोय घरची आहे. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी घटमांडणी होते. गावाबाहेरच्या शेतात घट आखतात, त्यात गहू, ज्वारी, तूर, सरकी, जवस अशी अठरा प्रकारची धान्यं मांडतात. मधल्या खड्ड्यात चार महिन्यांची मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, भजं, वडा. रात्री तिकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातले महाराज पाहणी करून पीकपाण्याचं भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची सांगितली जाते. याला शास्त्राचा आधार नाही असं सांगणाऱ्यांची परंपराही आता बरीच जुनी झाली आहे. जून कसा, जुलै कसा, कापूस मोघम की साधारण, राजाची गादी कायम की डळमळीत, सगळं तिथे कळतं. कोणतं ढेकूळ किती भिजलं यावरून त्या महिन्याचा पाऊस ठरतो. पण सकाळी साडेनऊला मोताळ्याच्या पुढे गाडीवर असलेला माणूस किती भिजणार, हे सांगणारं पाचवं ढेकूळ कोणी ठेवत नाही. भाकीत ऐकायला आलेल्या गर्दीत शेताच्या कडेला मोटारसायकली किती उभ्या असतात ते पाहिलं, तर ही उणीव फार जाणवते.

मग उरतो बाजार. जून लागला की बुलढाण्यात, चिखलीत, खामगावात, जी दुकानं मेपर्यंत कूलरची खस विकत होती ती रात्रीतून पावसाळी होतात. बाहेर दोरीवर बिनमुंडक्याचे रेनकोट लटकतात. दुकानदाराकडे मालाच्या तीन जाती असतात: वॉटरप्रूफ, फुल वॉटरप्रूफ आणि एकदम फुल वॉटरप्रूफ. प्रत्येक पायरीला दोनशे रुपये वाढतात. पहिल्या जातीत पाणी जातं का, असं विचारलं तर दुकानदार दुखावतो. मग दुसरी कशाला ठेवली, असं विचारलं तर तो तुमच्यामागच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

"गॅरंटी काय याची?" असं एकानं विचारल्यावर एका दुकानदारानं दिलेलं उत्तर मी विसरू शकत नाही. "भाऊ, पानी पडीन याची गॅरंटी हाय का तुमच्यापाशी? मंग कोटाची मले कायले मागता?" गिऱ्हाईक निरुत्तर होऊन एकदम फुल वॉटरप्रूफ घेऊन गेलं.

अविश्वासू गिऱ्हाइकासाठी प्रात्यक्षिकही असतं. दुकानदार कोटाचा एक भाग दोन्ही हातांत धरून त्याची खोलगट झोळी करतो, पोऱ्या तांब्यातून पाणी ओततो, सगळे वाकून खाली पाहतात. थेंब पडत नाही. गिऱ्हाईक भारावून पाकीट काढतं. आता झोळीतल्या त्या पाण्याला कुठे जायची घाई नसते. ते स्वस्थ बसलेलं असतं, आणि कोटही स्वस्थ असतो. या परीक्षेत शिवण नाही, चेन नाही, गळा नाही, बाहीचं तोंड नाही. कापडाच्या पाठीचा मधला गुळगुळीत चौकोन तेवढा पास होतो, आणि गुणपत्रिका अख्ख्या कोटाला मिळते.

पाऊस वरून पडतो ही पायी चालणाऱ्यांची समजूत आहे. पावसाचा मोठ्यातला मोठा थेंब खाली येताना ताशी ३०-३२ किलोमीटरच्या पुढे जात नाही. हवा त्याला अडवते. आपली गाडी मात्र साठनं धावत असते. म्हणजे थेंब जितक्या जोरानं खाली येतो त्याच्या जवळजवळ दुप्पट जोरानं आपण त्याच्या अंगावर जातो. दुचाकीवाल्याला पाऊस समोरून येतो, थेट छातीवर, आणि छातीवर नेमकी चेन असते. चेनीवरची पट्टी दोन टिचबटणांवर टेकलेली. पहिल्या पाच मिनिटांत एक बटण उघडतं, तिथून एक बारीक, थंड, निश्चयी धार आत शिरते, शर्टाच्या खिशातल्या बाजारहाटाच्या यादीची विचारपूस करते आणि बेंबीपाशी मुक्कामाला थांबते. शिवणीचं दुखणं वेगळंच. शिवण म्हणजे सुईनं रांगेत पाडलेली भोकं. चांगल्या कोटात आतून त्यांच्यावर पट्टी चिकटवलेली असते. दुकानातल्या कोटात त्या भोकांना वायुवीजन म्हणतात.

हा झगडा जुना आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३मध्ये पेटंट घेतलं, ते कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या नाफ्त्यात रबर विरघळवून दोन कापडांच्या मधे सारवण्याचं. पाणी अडलं खरं, पण ते कोट थंडीत लाकूड व्हायचे आणि उन्हात चिकट. स्कॉटलंडच्या उन्हात चिकट होणारी वस्तू आमच्या जिल्ह्याच्या घाटाखालच्या भागात आणली असती, तर जूनमध्ये घातलेला कोट पोळ्याला सोलून काढावा लागला असता. पुढे रबरावर गंधकाची प्रक्रिया करायची युक्ती निघाली आणि तो रोग आटोक्यात आला. आपल्याकडे १९२०मध्ये सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात बेंगॉल वॉटरप्रूफचा उद्योग सुरू केला. त्यांचे डकबॅकचे रेनकोट देशभरातल्या शाळकरी पोरांच्या अंगावर गेले. रबराच्या त्या वासानं जूनचा पहिला आठवडा आजही ओळखता येतो, इतका तो नाकात बसला आहे.

गावात मात्र तेव्हाही पोतंच चालायचं. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसला की झाली खोळ: डोक्याला टोपी, पाठीला पांघरूण. पूर्वी ती तागाच्या पोत्याची असायची, आता खताच्या. निंदायला वाकलेल्या माणसाची पाठच पावसाकडे असते, त्यामुळे या खोळीला समोरची बाजू नसली तरी बिघडत नाही. शिवाय तिच्यावर जेवढी माहिती छापलेली असते तेवढी कुठल्याच रेनकोटाच्या चिठ्ठीवर नसते: कारखाना, वजन ४५ किलो, किंमत, आणि केंद्र सरकार किती अनुदान देतं तेही. वर 'नीम कोटेड' अशी कोटिंगची ग्वाही. देशातला अनुदानप्राप्त असा हा एकच पावसाळी पोशाख. दोष एकच, की मोटारसायकलवर बसल्यावर तो वाऱ्यानं फुगतो, आणि साठच्या वेगाला मालक पुढे व खोळ मागे अशी फारकत होते. मागून येणाऱ्या एसटीच्या काचेवर युरियाचं पोतं येऊन चिकटणं हा चालकाच्या नोकरीतला अनुभव असावा. त्यांच्या चेहऱ्यावरून तरी तसं वाटतं.

आता आमच्या ओळखीतल्या एका गणिताच्या गुरुजींकडे वळतो. घर मलकापूरकडे, शाळा घाटावर, आणि कोरडवाहू शेती भावाच्या ताब्यात. नियमाप्रमाणे गुरुजींनी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावातच राहायला हवं, आणि कागदावर ते राहतातच. बारा महिन्यांतले आठ महिने कागद आणि गुरुजी यांच्यात वाद नसतो. पावसाळ्यात मात्र शाळेच्या गावात थेंब नसताना मुख्यालयी राहणारे गुरुजी प्रार्थनेला ओलेचिंब उभे राहतात, आणि सरपंच त्यांच्याकडे नुसतं पाहतो. अस्सल रेनकोटाची निकड त्यांना अशी प्रशासकीय कारणानं लागली.

गुरुजींनी अभ्यास सुरू केला. त्यातून त्यांना कळलं की रॉबर्ट गोर नावाच्या अमेरिकन माणसानं १९६९मध्ये टेफ्लॉनच्या जातीचं प्लास्टिक हळूहळू न ताणता एका हिसक्यात ताणलं, आणि त्याचा छिद्रांनी भरलेला पातळ पापुद्रा झाला. छिद्रं अशी की पाण्याच्या थेंबापेक्षा वीस हजार पटींनी लहान आणि वाफेच्या रेणूपेक्षा सातशे पटींनी मोठी. बाहेरचा पाऊस आत येत नाही, आतला घाम वाफ होऊन बाहेर जातो. गुरुजींना ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी ती आठवीला फळ्यावर काढून दाखवली. पोरांनी विचारलं, मग छिद्राला कसं कळतं कोण घाम आणि कोण पाऊस? गुरुजी म्हणाले, खाली बसा.

तसल्या पापुद्र्याचा, पण देशी बनावटीचा, दुचाकीवाल्यांसाठी खास शिवलेला कोट त्यांनी शेवटी मागवला. किंमत घरात सांगितली नाही. कोटाला चिठ्ठी होती आणि तिच्यावर आकडा होता: वॉटरप्रूफ क्षमता १०,००० मिलिमीटर. गुरुजी आनंदले. आपल्या जिल्ह्याचा पाऊस वर्षाला ८०० मिलिमीटर. दहा हजारांना आठशेनं भागलं की साडेबारा. म्हणजे कोट साडेबारा वर्षं पुरणार. सेवानिवृत्तीला तेरा वर्षं राहिली होती. शेवटच्या अर्ध्या वर्षाला त्यांनी तिथल्या तिथे अर्जित रजा लावून ठेवली.

तो आकडा पावसाचा नसतो हे त्यांना विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं. कापड ताणून बसवतात, त्यावर पाण्याचा स्तंभ उभा करतात, आणि स्तंभ किती उंच झाल्यावर पहिले थेंब पलीकडे झिरपतात ते मोजतात. दहा हजार मिलिमीटर म्हणजे दहा मीटर उंच पाणी. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे राजूर घाटात दहा मीटर पाणी साचलं तरी मी कोरडा?" बाई म्हणाल्या, कोरडे राहाल, बुडाल फक्त.

पण बसणाऱ्याचं दुःख त्या स्तंभात मोजलेलं नसतं. गाडीच्या सीटला मधे एक उतार असतो. समोरून आलेलं सगळं पाणी टाकीवरून घरंगळत तिथे जमतं. त्या तळ्यात ऐंशी किलोचे गुरुजी बसलेले. खड्डा आला की ते उडतात आणि पुन्हा तिथेच आदळतात, आणि आमच्याकडे खड्डा येतो असं म्हणण्यापेक्षा मधूनमधून रस्ता येतो. शिवाय पँटच्या चारही शिवणी नेमक्या त्याच जागी एकत्र येतात. तिथून एकदा पाणी आत गेलं की त्याला परतीचा मार्ग नाही. आमच्या लोणारच्या सरोवराचं हेच तर आहे. उल्केनं केलेला तो खड्डा, काठावरून धारा आत येतात, पावसाचं पाणी आत येतं, बाहेर जायला एकही वाट नाही. पाणी उन्हानं उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून ते खारं. रेनकोटाच्या पँटीत तेच घडतं, फक्त उल्का लागत नाही. पापुद्र्यातून वाफ बाहेर जाते हे खरं, पण बाहेर हवा कोरडी असेल तेव्हा. घाटाखालच्या जुलैत बाहेरची हवाच घामेजलेली; वाफ दारापर्यंत जाते, बाहेर आपलीच भावकी उभी पाहते आणि आत परत येते. दोन तासांनी असला कोट काढणारा माणूस बाहेरून कोरडा आणि आतून खारा असतो. २०२०च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि पुण्याच्या शास्त्रज्ञांनी खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव त्याला कारण ठरवले. आमच्या एका ग्रामसेवकाचा पांढरा शर्ट दर पावसाळ्यात गुलाबी होतो. तिथे मात्र लाल अस्तराशिवाय कोणावर संशय नाही.

कोट कसाही असो, तो कुठे चढवायचा हा प्रश्न त्याहून कठीण. जिल्ह्याचे दोन भाग: घाटावरचा आणि घाटाखालचा. मधे अजिंठ्याची डोंगररांग. मलकापुरात रेल्वेतून उतरलेल्याला ऊन लागतं, मोताळ्यापर्यंत घाम, राजूर घाटात धुकं आणि वर बुलढाण्यात पाऊस. खालीच कोट चढवावा तर माणूस मोताळ्याच्या आधी उकडून निघतो. वर जाऊन चढवू म्हणावं तर पावसानं घाटातच गाठलं की थांबायला जागा नाही, वळणावर ट्रक, आणि हेल्मेटची काच आतून धुरकटलेली. काच वर केली की डोळ्यांत पाऊस, खाली केली की डोळ्यांपुढे कापूस. म्हणून प्रत्येकाची जागा ठरलेली असते. कोणी राजूरला चहा पिऊन चढवतो, कोणी घाटाच्या पायथ्याशी. या विषयावर आमच्याकडे घराणी आहेत, आणि एका घराण्याचा माणूस दुसऱ्याच्या जागी कोट घालत नाही.

कोट घालणं एकवेळ जमतं. पँट ही कसरत आहे. चिखलात एका पायावर उभं राहून बुटासकट दुसरा पाय त्या अरुंद नळीत घालायचा. बूट मधे अडकतो, माणूस गाडीला धरून गिरकी घेतो, गाडी साइड स्टँडवरून सरकते, आणि एसटीच्या खिडकीतली पोरं मोफत तमाशा पाहतात. अनुभवी माणूस आधी बुटावर प्लास्टिकची पिशवी चढवतो, मग पाय सरकन जातो. ही युक्ती कोणत्याही परदेशी कंपनीच्या पुस्तिकेत नाही. मोबाइलला दुधाची धुतलेली पिशवी, आधार कार्डाला रेशनच्या साखरेची पिशवी, सीटला जुन्या फ्लेक्सचा तुकडा. फ्लेक्स निवडणुकीतला असला तर उत्तम. उमेदवार पडला तरी त्याचा फ्लेक्स चार-पाच पावसाळे टिकतो आणि माणसं त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर बसून सुखरूप घरी जातात. तर असं सगळं बांधून, गुंडाळून, शेवटचं टिचबटण लावून माणूस किक मारतो आणि पाऊस थांबतो. आता काढावं का? काढलं की येतो. न काढता गेलं तर ऊन पडतं, आणि कडक उन्हात नखशिखांत रेनकोट घातलेला माणूस बाजारातून जाताना ओळखीचा प्रत्येक जण थांबवून विचारतो, "काहून गुरुजी, कोठी लागला पानी?"

मागे बसणाऱ्या बाईमाणसाचा विचार कोणत्याच कंपनीनं केलेला नाही. साडीवर रेनकोटाची पँट चढत नाही, आणि पोंचो घालावा तर तो वाऱ्यानं उलटा होऊन पुढच्याच्या डोळ्यांवर येतो. म्हणून त्या छत्री घेतात. चालत्या गाडीवर छत्री धरणं धोक्याचं आहे, जीवही जातात. पण छत्री मिटा म्हणून सांगणाऱ्या नवऱ्याला "मंग चांगला कोट घेऊन द्या" असं उत्तर मिळतं आणि तो मुकाट्यानं गाडी हळू चालवतो. गाडी हळू झाली हाही फायदाच.

थांबायचं म्हटलं तर निवारा हवा. मेहकर, सिंदखेडराजाकडच्या दुचाकीवाल्यांना तो समृद्धी महामार्गानं दिला. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. रस्ता देखणा, आमच्याच जिल्ह्यातून जातो, आणि दुचाकीला त्यावर बंदी. त्यामुळे तो वरून कसा दिसतो हे आम्ही चारचाकीवाल्यांकडून ऐकतो. खालून मात्र आमच्याइतका कोणालाच माहीत नाही. पावसाची सर आली की त्याच्या पुलाखाली वीस-पंचवीस मोटारसायकली, दोन शेळ्या, एक कुल्फीवाला. वरून शंभरच्या वेगानं कोरडी मंडळी मुंबईला जात असतात आणि खाली सोयाबीनच्या भावावर निवांत चर्चा चालते. सरकारनं आमच्यासाठी बांधलेलं सर्वांत मजबूत छप्पर, टोल नाही.

बुलढाण्याहून खामगावला बोथ्याच्या जंगलातून जाताना मात्र पूल नाही, झाडंच. तिथे ज्ञानगंगा अभयारण्य आहे. २०१९मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ भर पावसाळ्यात जिल्ह्यामागून जिल्हे तुडवत, तेलंगणात डोकावून, वर्षअखेरीस इथे येऊन पोचला. एकंदर चाल तीन हजार किलोमीटरची. सगळ्या देशानं त्याच्या पायांचं कौतुक केलं. आम्हा अप-डाउनवाल्यांचं लक्ष त्याच्या गळ्यात गेलं. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेनं त्याला बांधलेली ती रेडिओ कॉलर नदी, नाला, चिखल, धो धो पाऊस यांतून त्याचा ठावठिकाणा पाठवत राहिली. जिल्ह्यात आजवर आलेली खऱ्या अर्थानं भरवशाची एकमेव वॉटरप्रूफ वस्तू, आणि ती वाघाला मिळाली. तिचं दुकान कुठे आहे हे विचारायला कोणी पुढे झालं नाही.

गुरुजींच्या कोटाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कोट आला आणि पाऊस गेला. कोट घरात आहे ही बातमी गावात फुटली, तेव्हा भावानं तो कपाटात कुलूपबंद करायला लावला. शेजारचे म्हणाले कपाटही गच्चीच्या खालच्या खोलीत नको. गुरुजी अख्खा जुलै जुन्या फाटक्या रेनकोटात शाळेत गेले, म्हणजे रिमझिम असेल तेव्हा भिजत आणि नसेल तेव्हा शिव्या खात. ऑगस्टमध्ये पाऊस आला, बरा आला, आणि भावाची खात्री पटली की हे कपाटाच्या कुलपामुळेच झालं. त्यामुळे कुलूप राहिलं. मधे एकदा गुरुजींच्या पत्नीनं कोट काढून कपडे धुण्याच्या सोड्यात खळखळून धुतला, कारण नवा असूनही त्याला बंद कपाटाचा वास येत होता. असले कोट सोड्यात धुतले की वरचं पाणी झटकणारं लेपण निघून जातं. चिठ्ठीवर तसं चित्र होतं. पण चिठ्ठी गुरुजींनी भागाकार करून झाल्यावर वहीत ठेवली होती.

ऑक्टोबरात सोयाबीन कापून शेतात सुडी लावली. पेंढ्या वाळत पडलेल्या, मळणीयंत्रवाला उद्या येतो म्हणालेला, आणि संध्याकाळी परतीच्या पावसानं काळं करून आणलं. ताडपत्री होती, पण उंदरांनी मधे खिडकी केलेली. भावानं कुलूप काढलं. कोट आणला, पँट आणली, सगळ्या चेनी उघडल्या, टिचबटणं सोडली, आणि ताडपत्रीच्या भोकावर तो दहा हजार मिलिमीटर उलटा पसरून वर दगड ठेवले. रात्रभर पाऊस वाजत होता. गुरुजी दुसऱ्या टोकाला ताडपत्रीचा कोपरा धरून उभे होते, डोक्यावर युरियाचं पोतं.

सकाळी भावानं हात घालून पाहिलं. आतली पेंढी कोरडी ठक. त्यानं एक शेंग फोडली, दाणा दाताखाली चावला, कोटाकडे बराच वेळ पाहिलं आणि गाडी सुरू करणाऱ्या गुरुजींना हाक मारली.

"दादा, याच कंपनीची ताडपत्री भेटते का? वीस बाय तीस?"